पंधरा पानांचं उत्तर

३ फेब्रुवारी, मंगळवार
सेमिनरीने, म्हणजे आमच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजने, मला तीन महिन्यांसाठी या चर्चमध्ये ‘निवासी धर्मपंडित’ नेमलंय. खोली मागच्या बाजूला. पूर्वी तिथे जादा खुर्च्या ठेवत, अजूनही ठेवतात. तरी दारावर पाटी लावली: ‘प्रश्न विचारा.’ पाळकसाहेब भले गृहस्थ, पण वाचन जुनं. इथल्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या भाविकांचा, पाया आता मलाच भक्कम करावा लागणार.

५ फेब्रुवारी
एकूण प्रश्न दोन. बाथरूम कुठे? चार खुर्च्या मिळतील का? दोन्हींची समाधानकारक उत्तरं दिली.

८ फेब्रुवारी, रविवार
पहिलं व्याख्यान. सत्तावीस बसले, अकरा उरले. विचार करणारे थोडेच असायचे. पाळकीणबाई म्हणाल्या, छान झालं हो, पण तुम्ही श्वास कधी घेता? कौतुकच ते.

९ फेब्रुवारी
अखेर खरा प्रश्न! चर्चचे रखवालदारकाका आले. बायकोच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, घरीच ठेवलीय. त्यांचं पहिलं पोर दोन दिवसांचं होऊन गेलं, बाप्तिस्म्याआधीच. तेव्हाच्या पाळकांनी त्याच्यावर प्रार्थनासुद्धा केली नाही. आता तिचा एकच धोशा: वर गेल्यावर पोर भेटेल का? काका म्हणाले, साहेब, तुम्ही शिकलेले, तुमचं ती मानेल.
काय प्रश्न आहे! यावर निदान चार मतं आहेत. काकांना म्हटलं, अभ्यास करून येतो. घाईघाईत काही बोलणं म्हणजे त्या बाईंवर अन्याय.

१० फेब्रुवारी
पाळकसाहेब म्हणाले, पोरा, आत्ता जा, तिचा हात धर आणि ‘भेटेल’ म्हण. मी सांगून थकलो. तिला वाटतं, मी मन राखायला बोलतोय.
वाटणारच. मन राखणं म्हणजे धर्मशास्त्र नव्हे.

१३ फेब्रुवारी
नऊ पानं. तळटीपा एकतीस. आजच जाणार होतो, पण तिसऱ्या मताचा एक संदर्भ लायब्ररीतून यायचाय. काका झाडताना दोनदा माझ्या खिडकीपाशी थांबले. माणूस जिज्ञासू.

१७ फेब्रुवारी
संदर्भ आला. पंधरा पानं. काका म्हणाले, आता पाणीही चमच्याने घेते हो, दोन शब्द पुरतील. दोन शब्दांत गैरसमज होतात, हे त्यांना समजावलं.

१८ फेब्रुवारी, दुपार
गेलो. लहानशी खोली, खिडकी बंद, उशाशी त्यांची मुलगी. काका औषध आणायला गेलेले. बाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. असा श्रोता मंडळीत एक नाही. मतं काळाच्या क्रमानेच मांडायची, ही शिस्त. पहिलं सर्वांत जुनं, सर्वांत कडक: बाप्तिस्मा नाही तर स्वर्ग नाही. सावकाश, सोपं करून सांगितलं. दुसऱ्याकडे वळणार, तोच त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मुलगी म्हणाली, दमली ती, आता पुरे.
उरलेली तीन उद्या. भेट एकंदरीत उत्तम.

१९ फेब्रुवारी
सकाळी पानं घेऊन निघालो, तोच फाटकात मुलगी भेटली. आई पहाटे गेली म्हणाली.

२१ फेब्रुवारी
काल दफन झालं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काका मात्र आज आपणहून आले. उपकार झाले, म्हणाले; निदान कुणीतरी खरं सांगितलं. शेवटपर्यंत ती एकच म्हणत होती, पोर तिथे नसेल तर मला तरी तिथे कशाला जायचंय?
मी घाईने म्हटलं, काका, ते फक्त पहिलं मत! चौथं आपलं. आपलं चर्च आज तेच मानतं. भेटतं पोर.
काका म्हणाले, मग तेच आधी का नाही सांगितलंत?
क्रम तसा आहे, म्हणालो.