मी तुमचा कॉम्प्युटर खोलला

अहो,

आधी रागावून घ्या, मग पुढचं वाचा. मी तुमचा कॉम्प्युटर खोलला. माझ्या हातानं, पेचकस घेऊन! ज्या डब्याला तुम्ही मला कधी फडकंसुद्धा लावू दिलं नाही, त्याचं झाकण काढून मी खाली फरशीवर ठेवलं. आणि ऐका, तो चालू झाला. सगळे फोटो आहेत. एकूण एक! आज सकाळी शेवटचं काम फत्ते झालं. हे कुणाला सांगू असं झालं, तर पहिलं तुमचंच तोंड डोळ्यांपुढे आलं. म्हणून स्टुडिओत, तुमच्या खुर्चीत बसून लिहिते आहे.

तुम्ही गेलात आणि मी शटर ओढलं, ते आठ महिने ओढलेलंच राहिलं. येता-जाता शहागडची माणसं विचारायची, "वैनी, दुकान कधी उघडून राह्यल्या?" मी मान खाली घालून पुढे व्हायची. उघडून करायचं तरी काय? मला येतं ते शिवणकाम. फोटोचं सगळं तुमच्या बोटांत होतं आणि त्या डब्यात.

मग सखाराम आला. मेंढ्या घेऊन लांब लांब फिरून परत आला होता. आठवतो ना? वडीगोद्रीच्या रानात त्यांच्या मेंढ्या बसल्या होत्या. तुम्ही लग्नाच्या ऑर्डरवरून येता येता गाडी थांबवली आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचा, भागामायचा फोटो काढला. घरी येऊन किती हसला होतात! ती तुम्हाला म्हणाली होती ना, "माझं काय काढतू रं, मेंढराचं काढ. ते तरी देखणं हाय."

सखाराम ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "वैनी, माय गेली वाटंतच. दादा म्हनले व्हते, फिरून आला की फोटो ने. मी आलो, तं दादाच न्हाईत." पुढे म्हणाला, "पंधरा दिसांनी मायचं वर्षश्राद्ध हाय. दुसरा फोटो न्हाई. आधारवरचा हाय, पन त्यात मीच तिला वळखत न्हाई."

मी म्हणून बसले, "सापडंल. घेऊन जा."

कशाच्या जोरावर म्हणाले? तुमच्याच! किती वेळा ऐकवलं होतंत मला, "मंदा, आपल्याकडं मिरर आहे. आत दोन डिस्क. एकीवर फोटो गेला की तोच आपोआप दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत. बिलकुल घोर न्हाई."

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, बटण दाबलं. पंखा फिरला. काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ आली, डिस्क सापडत नाही म्हणून. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाच वेळा!

डबा मांडीवर घेऊन एसटीनं जालन्याला गेले. दुरुस्तीवाल्यानं घाईघाईनं झाकण काढलं, वायरी ओढल्या, खटाखट काही बटणं दाबली. म्हणाला, "ताई, एक डिस्क दिसतच न्हाई, दुसरी उघडत न्हाई. लई जुनं मशीन. सगळं पुसून नवीन टाकून देतो, चालंल?"

"पुसून?"

"मंग काय करायचं?"

मी त्याला झाकण लावायला सांगितलं. स्टँडवर येऊन डबा बाकड्यावर ठेवला आणि रडले. तुमच्यावर चिडून रडले, खरं सांगते. म्हणे मिरर! दोन-दोन असून एकही नाही?

पण सखारामला शब्द दिला होता. मग मी रेहानाबाजींना बोलावलं. वडीगोद्रीत पोरींचा कॉम्प्युटर क्लास घेतात, माझ्याकडेच कपडे शिवून घेतात, त्या. आल्या आणि आधीच सांगून मोकळ्या झाल्या, "मंदाताई, मी टायपिंग शिकवते. मशीनच्या पोटातलं मला बी न्हाई कळत. पन बसू दोघी मिळून."

कॉम्प्युटर लावला. बाजी मोठमोठ्यानं इंग्रजी वाचू लागल्या. माझी नजर मात्र वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे तारीख होती, आणि साल पंधरा वर्षांमागचं!

"बाजी, ह्याचं घड्याळ मागं पडलंय. घड्याळ मागं पडतं ते सेल संपल्यावर. ह्याच्या पोटात सेल असतो का हो?"

बाजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अल्ला! बराबर बोलल्या तुम्ही. असतो की! अन् समद्या सेटिंगा त्याच्याच जिवावर असतात."

बघा, झालं होतं हे असं. आठ महिने वीज नाही, आतला जुना सेल संपला, आणि मशीन विसरूनच गेलं की आपल्या पोटात डिस्कांची जोडी आहे. विसरलं होतं ते. मेलं नव्हतं!

तेव्हा मी पहिल्यांदा पेचकस हातात घेतला. रुपयाएवढा गोल सेल होता, घड्याळवाल्याकडे तसाच मिळाला. ड्रॉवरमध्ये मशीनचं पिवळं पडलेलं पुस्तक होतं. ते जपून ठेवलंत, त्याबद्दल तुम्हाला शंभर गुण! बाजींनी त्यातून जोडीची सेटिंग शोधली आणि लावली. आणि विंडोज उघडली! आम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या.

आनंद दोनच मिनिटं टिकला. फोल्डर खाली खाली नेले, तर शेवटचं तीन वर्षांमागच्या दिवाळीचं. त्यानंतरचं काहीच नाही. भागामाय नाही. तुम्ही काढलेली शेवटची लग्नं नाहीत.

तेव्हा मला ती लाल ओळ आठवली. मशीन चालू करताना रोज यायची. मी विचारलं होतं, "अहो, हे लाल काय लिहून येतं?" तुम्ही म्हणालात, "ते असंच म्हणतं. एन्टर दाबायचं अन् पुढं जायचं." अहो, ते असंच म्हणत नव्हतं! एक डिस्क जोडीतून गळाली, हे ते ओरडून सांगत होतं. दोन वर्षं तुमचा सगळा धंदा एका पायावर उभा होता! नवरदेवाचा फेटा बोटभर वाकडा असला तरी तुम्हाला खपायचं नाही. आणि एवढी एक ओळ वाचली नाहीत? मीही पुन्हा खोदून विचारलं नाही. तेवढी चूक माझी.

म्हणजे खरी डिस्क दुसरी. तीच दिसत नव्हती. पुन्हा झाकण काढलं. वाकून पाहिलं, तर तिच्या वायरीचं टोक अर्धवट बाहेर आलेलं. जालन्यातल्या ओढाताणीत निघालं की एसटीच्या धक्क्यांनी, देव जाणे. मी अंगठ्यानं दाबलं. ब्लाउजचं टिचबटण बसतं तसा टक् आवाज आला.

आता पडद्यावर दोन्ही दिसल्या आणि खाली प्रश्न आला, जोडी पुन्हा जुळवू का? बाजींचं बोट बटणावर गेलं.

"थांबा!" मी एवढ्यानं ओरडले की त्या दचकल्या. "कोणतीवरून कोणतीवर जाईल हे? गळालेलीवरचं जुनं खरीवर चढलं तर?"

बाजींनी तव्यावरून उचलावं तसं बोट उचललं. दोन वर्षं पुसली गेली असती, अहो. एका बटणानं.

मी मशीन बंद केलं. गळालेली जुनी डिस्क वायरीसकट बाहेर काढली, शिवणाच्या खडूनं तिच्यावर फुली मारली आणि कपाटात टाकली. मग खरी एकटी लावून बटण दाबलं. उघडली! त्यानंतरच्या दिवाळ्या, लग्नं, बारशी, दवाखान्यात जायच्या तीन दिवस आधीचा तुमचा साखरपुडा. म्हणजे तुम्ही काढलेला! आणि मध्ये वडीगोद्री. भागामाय, मांडीवर कोकरू, तोंडात उरलेले चार दात, आणि पोटभर हसते आहे.

मी काय किंकाळी फोडली! शेजारचा चहावाला उलथनं घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

पण या वेळी घाई केली नाही. आधी सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं, दहा-बारा फोल्डर उघडून खात्री केली. मगच विकत आणलेली नवी डिस्क शेजारी बसवली आणि जोडी जुळवायला लावली. टक्के हळूहळू चढत होते आणि मी बाजूला बसून फॉल लावत होते. आज सकाळी शंभर भरले. लाल ओळ गेली!

सखाराम दुपारी येऊन फोटो घेऊन गेला. फ्रेम दोन्ही हातांत धरून उभाच राहिला. म्हणाला, "अशीच हसायची वैनी. शिव्या देतानी बी अशीच." मग त्याला हसू आलं आणि डोळे पुसत पुसत तो पायऱ्या उतरला.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळच्या आत वरच्या आळीतली एक बाई आली. उद्या तिच्या लेकीची हळद. म्हणाली, "बायांच्यात फोटो काढायला बाईच असंल तं लई बरं." मी हो म्हणून टाकलं! कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली आहे.

तर हे माझं तुम्हाला वचन. उद्या मांडवात मी कोपऱ्यात उभी राहणार नाही. पदर खोचून खुर्चीवर चढेन आणि मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू जाईल असं ओरडेन, "हिकडं बघा!" नाही बघितलं, तर पुन्हा ओरडेन.

तुमचीच,
मंदा फोटोवाली