बिनतिकिटाचं पाकीट

मोराग कोव्ह, केप ब्रेटन
३ मार्च १९८६

चि. मर्डॉक यास एफीताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा टीव्हीवर दिसलास. गाल सुटलेत. ओटावात जेवणावळी फार झडत असतील. इथे खारवलेला मासा आणि बटाटे, त्यामुळे आम्ही सगळे सडपातळ. ओटचे केक पाठवलेत, एकट्यानं खाऊ नकोस.

आता कामाचं. वादळात आपल्या धक्क्याची समुद्राकडची बाजू खचली. लाटा थेट होड्यांवर येतात. परवा होडी बांधताना रॅनल्डची दोन बोटं धक्क्याच्या सुटलेल्या ओंडक्याखाली चिरडली आणि डॉक्टरांनी ती कापली. हाच रॅनल्ड तू पहिल्यांदा निवडून आलास तेव्हा तुला खांद्यावर घेऊन नाचला होता. चोवीस वर्षं खासदार, त्यातली दोन मंत्री, आणि नऊ निवडणुकांत नऊ वेळा धक्क्याचं आश्वासन! बंदरं तुझ्याच खात्यात आली तेव्हा मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. लॉबस्टरचा हंगाम मेमध्ये उघडतो. तोवर धक्का सावरला नाही, तर एकवीस होड्यांनी जायचं कुठं?

पाकिटावर नेहमीसारखं तिकीट आहे. खासदाराला पत्र फुकट जातं, म्हणून पोस्टातली फ्लोरा मला दर वेळी हसते. मी तिला सांगते, फुकटचा मान मतदारांचा. भावाला लिहायचं ते आपल्या तिकिटावर.

कळावे. लोभ कान ओढण्याइतका तरी राहू दे.
तुझी एफीताई


ओटावा
१४ मार्च १९८६

ती. एफीताईस सा. न. वि. वि.

तुझं पाकीट न फोडता माझ्या टेबलावर आलं. रोजच्या टपालाच्या पोत्यात तिकिटाचं तेवढंच असतं, त्यामुळे ऑफिसातल्या मुली ओळखतात. बाकीची त्याच फोडतात, छापील उत्तर धाडतात, आणि त्याखाली माझी सही यंत्र करतं. केक मात्र मी एकट्यानंच संपवले.

रॅनल्डचं वाचून फार वाईट वाटलं. धक्का माझ्या ध्यानात आहे. पण ताई, मी स्वतःचंच गाव पहिलं धरलं तर विरोधक मला फाडून खातील. समिती बसली आहे. थोडा धीर धर.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा मर्डॉक


मोराग कोव्ह
११ एप्रिल १९८६

मा. मंत्री मर्डॉक गिलिस यांस स. न. वि. वि.

आपल्या खात्यानं बंद करायच्या बंदरांची यादी काल पेपरात आली. तीत आपण... जाऊ दे, तुला अहोजाहो करायला हात वळत नाही. यादीत पहिलं नाव आपल्या गावाचं आहे, मर्डॉक! आणि खाली सही तुझी. पेपरवाल्यांनी तर तुझी पाठ थोपटली आहे, की मंत्री असावा तर असा, स्वतःच्या गावालाही सोडत नाही. काही द्यायचं तेव्हा गाव पहिलं धरता येत नव्हतं, मग कापताना बरं धरलंस?

बाबांनी त्या धक्क्याचे खांब कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ठोकले. तिथेच लॉबस्टरच्या पेटीवर चढून तू पहिलं भाषण केलंस, आणि पेटी डुगडुगू नये म्हणून ती मी धरली होती. मंत्रिपद म्हणजे तुला नाकापेक्षा मोती जड झालंय.

रॅनल्डनं उरलेल्या तीन बोटांत पेपर धरून यादी वाचली आणि म्हणाला, की मर्डॉकनं पाहिलंच नसेल, सही यंत्रानं केली असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याची बोटं गेली तोच तुझी बाजू घेतो, आणि तुला त्याची लाज नाही!

आज तिकीट लावलेलं नाही. हे पत्र मतदाराचं आहे, म्हणून सहीही पूर्ण नावानं. ते पोत्यातच जाऊ दे.
युफेमिया गिलिस


ओटावा
२८ एप्रिल १९८६

महोदया,

आपले पत्र मिळाले. आपल्या भावनांची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे. मच्छीमार बांधवांचे हित हेच आमचे ध्येय आहे.

आपला नम्र,
मर्डॉक गिलिस, मंत्री

(खाली शाईनं, हातानं)
ताई, एका मुलीनं अक्षर ओळखलं आणि पोत्यातून काढून आणून दिलं. त्या यादीवर सही मीच केली, यंत्रानं नाही. रॅनल्डला सांग. पण तिकीट का नाही लावलंस?


मोराग कोव्ह
६ मे १९८६

मा. मंत्री यांस,

रॅनल्डला सांगितलं. तो ऐकून तसाच होडी सोडायला गेला. आज एकवीसच्या एकवीस होड्या पलीकडच्या बंदरात गेल्या. आपल्या धक्क्यावर आता फक्त समुद्रपक्षी बसतात.

तिकीट चहाच्या डब्यात जपून ठेवलंय. धक्क्याला पहिला नवा ओंडका लागला, की त्याच दिवशी लावीन. तोवर लोभाचं काही लिहीत नाही. मतदार लिहीत नसतात.

युफेमिया गिलिस