दोन डब्यांचा निकाल

प्रिय आईस,
वाकून नमस्कार.

मी इथे ठीक आहे. नव्या खोलीत भरपूर ऊन येतं. काल दादाला फोनवर सगळं सांगितलंय, पण तुला मीच लिहायला हवं.

आमच्या प्रयोगशाळेत क्षयाच्या नव्या तपासणीवर काम चाललंय, म्हणून तुझ्या आणि वहिनीच्या थुंकीच्या डब्या मागवल्या होत्या. वहिनीच्या डबीत जंतू नाही. मी तीनदा तपासलं. तिला दमा आहे. तो कुणाला लागत नाही.

जंतू तुझ्या डबीत आहे.

घाबरू नकोस. औषधाला दाद देणारा आहे. सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्यास की खडखडीत बरी होशील. तुझं ताट कुणी वेगळं ठेवणार नाही, तुला कुणी माहेरी धाडणार नाही.

तुझा खोकला वयाचा, असं तू म्हणायचीस आणि आम्ही ऐकायचो. वहिनी खोकली तेव्हा मात्र म्हणालीस, "माझ्या नातीला हिच्यापासून लांब ठेवा." गेले पाच महिने छकुली तुझ्याच कुशीत झोपतेय. दादा म्हणाला, तिला पंधरा दिवस ताप आहे, वजनही उतरलंय. तिला दवाखान्यात नेलं का?

वहिनीलाही तिच्या माहेरी फोन केला. वाटलं, रडेल, निदान चिडेल तरी. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, म्हणजे मी माझ्या छकुलीला जवळ घेतलं असतं तरी चाललं असतं."

यावर तुला काही बोलायचं असेल तर तिच्याशी बोल आई, माझ्याशी नको.

तुझी,
धाकटी