नवव्या चौकोनातले रोपटे

नागपूर, १४ सप्टेंबर १९७६, संध्याकाळ

पारशिवनीच्या चराऊ माळावर आठवडाभर दोरीचे चौकोन टाकून मी जातवार रोपटी मोजली. चराईने विविधता घटते, असे साहेबांना प्रबंधात दाखवायचे आहे. माझ्या मोजणीतून ती शेजारच्या बंद कुरणापेक्षा वाढलेली निघाली. म्हणून आज त्यांनी एकेकदाच सापडलेल्या जाती नोंदवहीतून खोडायला लावल्या.

"एका रोपट्यानं काय होते गा? खोड."

"पण साहेब, मी पाहिलं ना त्याले."

"तुले मोजाले ठेवलं, बोलाले नाही."

खोडले. तेही पट्टी लावून, नीट! शी! त्या सरळ रेघेचीच किळस येते आहे. नवव्या चौकोनात निळ्या फुलाचे एकच रोपटे होते. पाय पडू नये म्हणून वळसा घातला होता मी.

इथे तरी लिहितो: चौकोन नववा, निळे फूल, एक.