पेटी कुणाच्या अंगणात

२ मे

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले, अजून मला लिहू-वाचू देत नाहीत. मी सांगतो आणि ती लिहिते. डाव्या डोळ्याचा नंबर महिन्याभराने, म्हणजे जुलैपर्यंत मुलाच्या घरी अडकलो म्हणून समज. इथे तिसरा मजला, अंगण नाही. स्वयंपाकघरात सूनबाईंनी एक शोभेचा तापमापक टांगलाय, त्यावर मोराचं चित्र आहे.

आता मुद्द्याचं. नियम पुन्हा सांगतो, कारण लहानपणापासून तुझं लक्ष नसतं. तापमापकाच्या पेटीची झडप सकाळी ठीक आठला उघडायची. उजव्या नळीवर कालचा कमाल आकडा, डाव्या नळीवर किमान. दोन्ही वहीत लिहायचे, मग लोहचुंबकाने आतल्या काड्या पुन्हा पाऱ्याला टेकवायच्या. बावीस वर्षांत एक दिवस कोरा नाही. मुलाच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा मी आठला पेटीसमोर होतो, आणि तुझी वहिनी ते अजून काढते. घराला कुलूप लावावं लागलं म्हणून एप्रिलात पेटी तुझ्या अंगणात आणून ठेवली. ती पाहुणी आहे एवढं ध्यानात असू दे.

माझ्या अंदाजाचा लिफाफा तीस एप्रिलच्या आत औषधवाल्याकडे पोचला. तापमान मंडळाच्या तेरा जणांत मे महिन्याची सरासरी आधीच ओळखणं माझ्याइतकं कुणाला जमत नाही, हे पेटीच्या दाराच्या आतली विजेत्यांची यादीच सांगते. तिथे अकरा वेळा माझं नाव आहे. यंदा मी ३४.६ लिहिलंय. कुणाला बोलू नकोस.

कळावे. लोभ आहे तो वाढव.
तुझा दादा

ता.क. लग्नाच्या सकाळचं मी काढते, कारण वरमाय एकटी दारात उभी होती. – वहिनी


९ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

डोळा चोळत नाहीस ना? वहिनीला विचारणार आहे, तुझ्यावर विश्वास नाही.

पाहुणीची बडदास्त चोख चालू आहे. तू पेटीचा खांब स्वतःच्या उंचीचा करून ठेवलायस, त्यामुळे मला रोज मान वर करून बघावं लागतं आणि मान आखडते. पण आठ म्हणजे आठ. गंमत म्हणजे मी एकटी नसते. औषधवाला दुकान साडेनऊला उघडतो, तो आठलाच येतो. शाळेतले विज्ञानाचे मास्तर सायकल घेऊन येतात. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर सगळे बसतात, चहा होतो, आणि आकडा मी मोठ्याने सांगितला की वाहवा होते, जसं काही ऊन मीच पाडलंय. मला हवामानबाई म्हणतात. मशीनवर बसायला नऊ वाजतात, दोन झगे आणि शाळेचे गणवेश खोळंबलेत, पण मन कसं प्रसन्न असतं.

आणखी एक सांगायचं होतं, रागावू नकोस. एकोणतीस एप्रिलला मीही लिफाफा दिला. तुझी जुनी वही चाळताना गंमत म्हणून आकडा काढला. किती ते निकालानंतर सांगेन. मास्तर म्हणत होते की पेटी इथेच कायमची राहू दे, इथे सगळ्यांना जवळ पडतं. मी म्हटलं, दादाला विचारते. म्हणून विचारते.

कळावे. लोभात कमी पडू देऊ नकोस.
तुझी टिल्लू


१६ मे

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

वा. छान. पेटी जाऊन महिना झाला नाही तर तिला सासर बदलून द्यायचं ठरतंय. मास्तरांना सांग, मी अजून जिवंत आहे. जुलैत मी येणार, पेटी माझ्या अंगणात जाणार, विषय संपला.

औषधवाल्याचं मला नवल वाटलं. माझं अंगण त्याच्या दुकानापासून चाळीस पावलांवर. बावीस वर्षांत हा माणूस सकाळचा एकदाही डोकावला नाही. मी महिन्याच्या पहिल्या तारखेला आकडे त्याच्या गल्ल्यावर नेऊन द्यायचो, आणि तो खोकल्याच्या बाटल्या पुसता पुसता मान हलवायचा. आता मात्र त्याला उन्हाचा पुळका आलाय. तू काय घालतेस चहात?

लिफाफ्याचं ऐकून हसू आलं. मंडळात शिरायला मला दोन वर्षं हवेतली आर्द्रता म्हणजे काय हे शिकावं लागलं. तू गंमत म्हणून आकडा काढलास. तुझं सगळं असंच. गाणं मी शिकायला जायचो आणि बक्षीस दाराबाहेर बसून ऐकणारीला. शिवाय जी आकडे वाचते तिनेच अंदाजही द्यावा हे बरं दिसतं का, याचा विचार कर.

लोभ आहेच, पण गृहीत धरू नये.
दादा

ता.क. बावीस वर्षं आकडे कोण वाचत होतं आणि अंदाज कोण देत होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, हे लिहू नकोस. मी लिहिलं. – वहिनी


१ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आज सकाळी माझ्या अंगणात लिफाफे फोडले. मे महिन्याची सरासरी आली ३४.९. तुझा अंदाज ३४.६, मास्तरांचा ३५.४, औषधवाल्याचा ३३.८ (तो दुकानात पंख्याखाली बसतो). आणि माझा ३४.९.

मलाच खरं वाटेना. मास्तरांनी तीनदा बेरीज केली. दादा, ह्यात माझं कर्तृत्व काही नाही. तुझ्या वहीत समासात तू पेन्सिलने एका जागी लिहिलंयस की एप्रिलचा शेवटचा आठवडा फार तापला तर मे नेहमीपेक्षा अर्धा अंश चढतो. मी तुझ्या बावीस मे महिन्यांची सरासरी काढली, ती ३४.४. यंदा शेवटच्या आठवड्यात इस्त्रीला पाणी मारलेलं कापड हातातच सुकत होतं, म्हणून अर्धा अंश मिळवला. म्हणजे जिंकलास तूच, नाव तेवढं माझं लागतंय. मी हे सगळ्यांना सांगितलं. औषधवाला म्हणाला की लिहून ठेवणं वेगळं आणि त्यावर भरवसा टाकणं वेगळं.

येत्या दहा तारखेला, रविवारी, सभा आहे. पेटीचं तेव्हा ठरेल. तुझं उत्तर त्याआधी येऊ दे.

कळावे. लोभ असू दे, यंदा जरा जास्तच लागेल.
तुझी टिल्लू


६ जून

तापमान मंडळाच्या सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः, डाव्या डोळ्याची पट्टी काढल्यावर आठवडाभराने, एका उजव्या डोळ्याने लिहीत आहे. ओळी वर-खाली झाल्यास क्षमा असावी. घरात कुणाला ठाऊक नाही.

मे महिन्याचा निकाल सदोष आहे. पेटीचा खांब माझ्या उंचीचा आहे. सध्या नोंद घेणारी व्यक्ती माझ्या खांद्याला लागते आणि मान वर करून वाचते, असं तिनेच मला कळवलं आहे. खालून पाहिलं की पारा आहे त्याहून वर दिसतो. इथल्या स्वयंपाकघरातल्या तापमापकावर मी उभा राहून आणि खुर्चीत बसून, दोन्ही प्रकारे वाचून घेतलं. फरक अर्ध्या अंशाचा. कमाल आकडा रोज अर्ध्याने खाली आणला तर सरासरी पाव अंशाने उतरते आणि ३४.६५ राहते. मग कुणाचा अंदाज जवळचा, हे सभासदांनी ठरवावं. अशा हातांत पेटी कायमची द्यावी का, हेही.

व्यक्तीबद्दल मनात काही नाही. आकड्यांबद्दल आहे.

आपला,
माजी नोंदणीकार


११ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल सभेत औषधवाल्याने वाचून दाखवलं. मला आधी माहीत नव्हतं. मी ट्रेमध्ये कप घेऊन उभी होते आणि "सध्या नोंद घेणारी व्यक्ती" म्हणजे मी, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला.

मास्तर म्हणाले की तक्रार आली आहे तर तपासू. ते तुझ्याएवढे उंच. एकाच वेळी आधी त्यांनी वाचलं, मग मी. कमाल माझा अर्ध्या अंशाने जास्त आला. तुझं बरोबर होतं. मग किमान वाचलं. तो माझा अर्ध्या अंशाने कमी आला. कारण डाव्या नळीवर आकडे उलटे लिहिलेले असतात, दादा, थंड वर आणि गरम खाली. खालून पाहिलं की उजवीकडे जेवढं वाढतं तेवढंच डावीकडे घटतं. सरासरी तीच राहते, ३४.९. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मला विचारलं असतंस तर मी पायाखाली पाट घेऊन पुन्हा वाचलं असतं. जिंकल्याचं नावसुद्धा देऊन टाकलं असतं, तुला ते माहीत आहे. तू मला न विचारता तेरा माणसांना विचारलंस.

सभेने पेटी एकमताने मला दिली. मी नको म्हटलं. आज आठची नोंद घेतली आणि दोन हमाल बोलावून पेटी तुझ्या अंगणात पोचती केली. वही आत आहे, किल्ली शेजारी दिली आहे. तू येईपर्यंत ती कुणी उघडणार नाही. औषधवाला मी वाचतो म्हणाला, त्यालाही मी नाही म्हटलं. पेटी तुझी आहे ना, मग तूच वाच.

वहिनीला नमस्कार. लोभाचं तुझं तू बघ.
टिल्लू


१५ जून

चि. टिल्लूस,

वहिनीने हे पत्र लिहायला नकार दिला. म्हणाली, त्या दिवशी चोरून लिहिता आलं ना, मग हेही लिहा.

डावी नळी उलटी असते हे मी विसरलो. बावीस वर्षं रोज सकाळी जिचं तोंड पाहिलं, तिचं मला एवढं आठवू नये. मोराच्या तापमापकाला एकच नळी आहे, आणि मला हवं ते त्या एका नळीत दिसत होतं, म्हणून मी दुसरीचा विचारच केला नाही. मी तुझ्यावर जळत होतो. आकड्यामुळे नाही, आकडा चुकतो. तुझ्या अंगणात माणसं येतात म्हणून जळत होतो. माझ्याकडे बावीस वर्षं नुसती पेटी होती. मला वाटायचं की हवामान हा एकट्याने करायचा विषय आहे, आणि तू महिन्याभरात दाखवून दिलंस की तसं नव्हतं.

बारा तारखेपासून वही कोरी आहे. दर सकाळी आठला मी उगाच मोराच्या तापमापकासमोर जाऊन उभा राहतो. माझ्यासाठी नको, वहीसाठी तरी किल्ली घे.

आशीर्वाद द्यायची लाज वाटते, तरी देतो.
दादा


१९ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी पत्र मिळालं आणि आज पावणेआठलाच किल्ली घेतली. बारा ते अठरा, सात दिवस कोरे आहेत. काड्यांनी सात दिवसांतला सगळ्यात तापलेला आणि सगळ्यात गार क्षण तेवढा धरून ठेवला होता. कोणता कुठल्या दिवसाचा, ते आता कुणालाच कळणार नाही. मी त्या जागा भरल्या नाहीत, तूही भरू नकोस.

मी मोठ्या मनाने पेटी परत केली असं औषधवाला सगळ्यांना सांगत फिरतो. ते खोटं आहे. तुला टोचावं म्हणून मी ते केलं. पान उलटताना दर वेळी टोचावं म्हणून कोरं ठेवलं. जळायचा मक्ता तुझ्या एकट्याकडे नाही. बाबा तुला गच्चीवर नेऊन ढग दाखवायचे आणि मी खाली काजं करत बसायची. एप्रिलात तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस तेव्हा मी पाहुणीची काळजी घ्यायला हो म्हटलं नव्हतं. पन्नास वर्षं मला ते आभाळ हवं होतं, आणि बावीस वर्षं ती पेटी. अजून हवी आहे. ती मागायची मला सवय नाही, पण आज मागते.

मागितल्यावरही लोभ राहिला तर कळव.
टिल्लू


२३ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, आता मनापासून.

हमालांना पुन्हा बोलाव. पेटी तुझी. मंडळाला याच वेड्यावाकड्या अक्षरात दुसरं पत्र टाकलंय, तेही सभेत मोठ्याने वाचायला सांग, पहिलं वाचलं तसंच. त्यात मी नळीचं, माझ्या जळण्याचं आणि बाबांच्या गच्चीचं सगळं लिहिलंय. काजांचं मला कधी दिसलंच नव्हतं, हेही लिहिलंय.

तरीही हे लिहिताना मला वाईट वाटतंय. पेटी जाते म्हणून नाही, असं लिहिणार होतो. पण पेटी जाते म्हणूनच वाटतंय. ते वाटू दे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. सकाळी आठला तुझ्या अंगणात येईन. तू वाच, तूच लिही. मी बाजूला उभा राहीन आणि एक शब्द बोलणार नाही. बोललोच, तर मला घरी पाठव.

तुझा दादा