उंबऱ्यापासून खाली

प्रिय टाचणी,

शनिवार, ७ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. लँडस्केप विभागाच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात, हातात माइक घेऊन, दीडशे माणसांसमोर तू म्हणालीस, "आणि या आमच्या बाईसाहेब! ग्रंथालयात पाणी सोडून पुस्तकांना पोहायला शिकवणाऱ्या!" हॉल खदखदून हसला. माझ्या शेजारी बसलेली माझी लेकसुद्धा हसली. मी काही बोलले नाही, कारण तोंडात केक होता आणि आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी भरल्या तोंडाने बोलायचं नाही असं बजावलेलं होतं.

विभागप्रमुख झाल्यापासून तुझा आवाज छान सुटलाय. स्मरणशक्ती मात्र आटली. तिसऱ्या वर्षी ग्रंथालयामागच्या अंगणाचा आराखडा आपण दोघींनी केला. झाडं माझी, उतार तुझा. सगळं जग उंची खालून वर मोजतं. तू उंबऱ्यापासून खाली मोजायचीस. तुझ्या कागदावर आकडा मोठा, तिथे जमीन खोल. गवंड्याने आपल्या शिरस्त्याप्रमाणे मोठ्या आकड्याच्या जागी भराव घातला आणि पुढच्या पावसात पाणी तळघरात शिरलं. तुझ्या नावावर आधीच एक ताकीद होती. दुसरी आली असती तर गाशा गुंडाळावा लागला असता. सरांनी दोघींना खोलीत बोलावून उतार कुणाचा म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणाले, उतार माझा. तू ब्र काढला नाहीस. चाळीस वर्षांत कधीच नाही, आणि मीही विषय काढला नाही. मैत्रीत तेवढं चालतं. पण तुझी चूक माझ्या नावावर खपवून वर टाळ्या घ्यायच्या, याला चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात.

तरी मी गप्प राहिले असते. या वयात अपमान रक्तदाबाच्या गोळीबरोबर गिळता येतात. पण हात धुऊन व्हरांड्यात आले तर भिंतीवर नव्या पाळणाघराच्या अंगणाचा आराखडा, खाली तुझी सही. दाराशी शून्य आणि कुंपणाकडे आकडे वाढत गेलेले! अगं, तू अजून उंबऱ्यापासून खालीच मोजतेस? शेजारी तुमचा ठेकेदार उभा होता. त्याला विचारलं, मोठा आकडा म्हणजे जमीन उंच ना? म्हणाला, "अर्थात, बाई." म्हटलं, मग कुंपणाकडचं सगळं पाणी पोरं झोपतात त्या खोलीत जाईल. तो हसू दाबत म्हणाला, "पाण्याचं तुम्ही सांगताय?"

तुझ्या विनोदाने एवढं काम केलं. आता माझं कुणी ऐकणार नाही, आणि खोदकाम शुक्रवारी सकाळी सुरू होतंय. ग्रंथालयाचं खरं लोकांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पुस्तकं उन्हात वाळवता आली. पाळणाघरात पोरं जमिनीवर गाद्या घालून झोपतात. ते आकडे पुसून नव्याने लिही, ठेकेदाराला समोर बसवून समजाव, आणि तसं केल्याचं मला सहीनिशी कळव. फोन करू नकोस; फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते. लेखी उत्तर गुरुवार, १२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं.

तुझीच, निदान गुरुवारी पाचपर्यंत