टेबलावरचा हिरवा दिवा

३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हो हो करतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते आहे. कागदाला उत्तर द्यावं लागतं.

एप्रिलमध्ये मी न्हाणीघरात पडले, तेव्हा तू येऊन हा संगणक मांडून गेलास. आता तो रोज मेमरी कमी आहे असा निरोप दाखवतो आणि लिहिता लिहिता सगळं बंद पाडतो. परवा रसायनशास्त्राच्या प्रयोगपुस्तिकेचं तिसरं प्रकरण गेलं. पस्तीस पानं! प्रकाशकांना ही पुस्तिका महिनाअखेर हवी आहे. जागा करायची म्हणून मी सहलीचे सगळे फोटो पुसले, गाणी पुसली. निरोप ढिम्म हलत नाही.

आणि हे तुझ्या बायकोला सांगू नकोस. ताईंना आता एकटीनं जमत नाही, त्यांना इकडेच आणू या, हे पालुपद तिला पुन्हा सुरू करायला नको. मी माझ्या घरात राहणार आहे आणि पुस्तिका माझ्याच टेबलावर पुरी करणार आहे.

लोभ आहेच, सध्या आवरून ठेवला आहे.
ताई

८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो कशाला पुसलेस गं! फोटो असतात कपाटात. मेमरी म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतलं कामाचं टेबल. कपाट रिकामं केलंस तरी टेबलावरची गर्दी तशीच राहते. एका वेळी फार गोष्टी उघडू नकोस, रोज एकदा यंत्र बंद करून चालू कर. मी मेमरीची एक जादा पट्टी पाठवतो, ती दुकानातून बसवून घे. बाकी कशाला हात लावू नकोस, उगाच काहीतरी बिघडेल. पाय कसा आहे? हिला काही बोललो नाही.

राग कमी व्हावा, लोभ आहे तेवढा राहावा.
तुझा धाकटा

१४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आज देत नाही.

बाकी कशाला हात लावू नकोस, हे वाचूनच माझं डोकं सणकलं. बत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की दोष कशात आहे ते अंदाजानं ठरवायचं नाही, मोजायचं. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंना फोन करून विचारलं, कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो ते कुठे दिसतं. त्यांनी तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. यादी उघडली. मग मी सगळं बंद करून बसले आणि दर अर्ध्या तासानं वहीत आकडे टिपले. एकच नाव फुगत होतं. सकाळी नऊला तीनशे एमबी, दुपारी एकला दोन हजारांच्या वर. ते मी उघडलेलंच नव्हतं.

त्याच्यावर टिचकी मारली, तर पडद्यावर मी! चष्मा नाकावर, केस विस्कटलेले, तोंड उघडं. चित्राच्या तळाशी पाहणाऱ्याचं नाव होतं, ते तुझं.

पडद्याशेजारी तो हिरवा दिवा कसला, असं मी एप्रिलमध्ये विचारलं होतं. यंत्र चालू असल्याचा, असं म्हणालास. लाज वाटली नाही? चार महिने मी या खोलीत काय काय केलं असेल! आणि माहीत असून पट्टी पाठवायला निघालास. पट्टी परत जाईल.

लोभाचं नंतर बघू.
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

चुकलं. ही कल्पना माझी, हिची नाही. उलट विचारून लाव असं तीच सांगत होती. विचारलं असतं तर तू मला घराबाहेर काढलं असतंस.

तू पडलीस तेव्हा पाच तास त्या फरशीवर होतीस, ताई. मला संध्याकाळी कळलं. त्यानंतर ऑफिसात बसलो की मला फक्त ती फरशी दिसायची. तू खुर्चीत दिसलीस की मी पुढचं काम करायचो. तो प्रोग्राम एवढी मेमरी खात असेल हे खरंच ध्यानात आलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर शंका आली आणि मी गप्प बसलो. हा गुन्हा दुसरा.

एक तारखेला तू टेबलावर डोकं ठेवून बसली होतीस, तासभर. मी फोन हातात धरून बसलो होतो. केला असता तर, तुला कसं कळलं, असं विचारलं असतंस.

काय शिक्षा द्यायची ती दे.
धाकटा

२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद दिला म्हणजे राग गेला असं समजू नकोस.

एक तारखेला माझं तिसरं प्रकरण गेलं होतं. तुझ्या पहाऱ्यानं टेबल भरलं, म्हणून गेलं. मी रडत होते आणि तू बघत होतास. अरे, फोन करायचा! सहज केला म्हणायचं. लहानपणी खोटं बोलताना तुझी जीभ कधी अडखळली नाही, आणि नेमकी त्या दिवशी अडखळली?

तो प्रोग्राम मी स्वतः काढून टाकला, तो हिरव्या दिव्याचा कॅमेरा उपटून पाकिटात घालून ठेवला आहे. तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं, काल शेवटचं संपलं. यंत्रानं एकदाही कुरकुर केली नाही. पुस्तिका वेळेत जाईल. हे तुझ्या बायकोला अवश्य सांग. विचारून लाव म्हणाली, म्हणजे तुमच्या घरात एक तरी शहाणं माणूस आहे.

रोज सकाळी आठला मी तुला फोन करीन. नाही आला तर शेजारच्या शिंपिणीकडे किल्ली दिली आहे, तिला कळव. ही व्यवस्था तू एप्रिलमध्ये मला विचारून करू शकला असतास.

रविवारी दोघं या. कसं दिसतं माझं घर ते तुला ठाऊकच आहे, तेव्हा आवरणार नाही. बेल वाजव. माझा पाय अजून दुखतो, दारापर्यंत यायला वेळ लागतो. मी उघडेपर्यंत बाहेर उभा राहा.

ताई